पौषातली रेकॉर्डिंग: नाशिकच्या घरात उदास, लो-फाय अल्बम कसा करावा

नाशिकमध्ये घरच्या घरी गिटार-आवाजाचा अल्बम रेकॉर्ड करायचा असेल तर पौष महिना धरा. थंडीमुळे पंखा लागत नाही, खिडक्या लावून बसलं तरी कोंदटत नाही, आणि पौषात लग्नं फारशी नसल्यामुळे बँड आणि डीजे बऱ्यापैकी गप्प असतात. भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस मात्र सोडून द्या, कारण गच्च्यागच्च्यांवर स्पीकर चढलेले असतात. पतंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्याकडे राहत असाल तर विचारूच नका. बाकीचं वर्ष कठीण आहे. गणपतीच्या आधी कितीतरी आठवडे ढोलपथकांचा सराव चालतो. पावसाळ्यात पत्रा वाजतो आणि दमट हवेने गिटार फुगते. चैत्र-वैशाखात पंखा, कूलर आणि उजाडायच्या आधीच कोकीळ. द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्यांनी फवारणीच्या ब्लोअरचा आणि देवळाली कॅम्पच्या बाजूच्यांनी तोफखान्याच्या सरावाचाही हिशेब धरावा. त्यात आता २०२७ च्या सिंहस्थाची कामं. तुमच्या रस्त्यावर खोदकाम कधी आहे ते आधी विचारून घ्या.

खरखर, बसका आवाज, टेपची सरसर, खुर्चीची करकर, हे सगळं लो-फायमध्ये, म्हणजे मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, चालतं. अनेकजण मात्र स्वच्छ रेकॉर्डिंग करून वर सॉफ्टवेअरमधला खरखरीचा प्लगइन लावतात आणि झालं समजतात. त्यातून उदासी येत नाही, नुसती जुनाट छटा येते. अशा अल्बममध्ये ऐकणाऱ्याला धरून ठेवतो तो गाणाऱ्याचा जवळपणा. माणूस आपल्या शेजारी बसून हळू आवाजात काहीतरी सांगतोय, असं वाटलं पाहिजे. म्हणून माझा आग्रह एकच आहे: बाकी सगळं धूसर झालं तरी शब्द धूसर होऊ देऊ नका. खालची प्रत्येक पायरी याच आग्रहातून आली आहे.

ही वाट नवी नाही. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हे चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र बाजारात आणलं आणि घरात बसून एकावर एक आवाज चढवणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ त्याच यंत्रावर, न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात रेकॉर्ड झाला. ती खरं तर बँडला ऐकवायची कच्ची कॅसेट होती. बँडसोबत गाणी पुन्हा करून पाहिली, पण कॅसेटवरचा एकटेपणा त्यात उतरेना. शेवटी कॅसेटच बाहेर आली. तुमच्या मोबाइलमध्ये आज त्या यंत्रापेक्षा जास्त सोयी आहेत, तेव्हा सामान नाही म्हणून थांबायचं कारण नाही.

गाणी आणि पट्टी

आठ-नऊ गाणी आणि साधारण तीस मिनिटं पुरेत. याहून लांब उदासी एका बैठकीत ऐकवत नाही. लिहिताना ‘मन’, ‘एकांत’, ‘आसवं’, ‘वेदना’ हे शब्द एकदा तपासा आणि जमतील तितके काढा. त्यांच्या जागी डोळ्यांना दिसेल असं काहीतरी ठेवा. ‘आज मी फार एकटा’ ही ओळ कुठल्याही गावात, कुणाच्याही वहीत सापडेल. ‘निमाणीला बस उभी, आत दिवा, चालक नाही’ ही ओळ ऐकताना एकटेपणा हा शब्द लागतच नाही, आणि ती पंचवटीतल्या माणसाला जितकी कळते तितकीच परभणीच्या माणसालाही कळते.

पट्टी ठरवताना दिवसा गाऊन ठरवू नका. रेकॉर्डिंग रात्री करणार असाल तर रात्रीच गाऊन पाहा, कारण दमलेला आवाज खाली उतरलेला असतो. तुमची नेहमीची पट्टी काळी दोन असेल तर या गाण्यांसाठी पांढरी दोन किंवा काळी एक करून बघा. उतरत जाताना एक खूण सांभाळायची: सगळ्यात खालच्या सुरावरचा शब्द दाराबाहेर उभ्या माणसाला कळला पाहिजे. कळला नाही तर अर्धी पट्टी वर या. खोल आवाजाच्या मोहात शब्द गिळले जाण्याचा धोका मराठीत मोठा आहे, कारण आपण ओळीच्या शेवटचा स्वर बोलतानाही अर्धाच सोडतो.

गिटारच्या जुळणीचं म्हणाल तर जाड तारेपासून डी-ए-डी-जी-ए-डी ही जुळणी मराठी गळ्याला फार मानवते. सा पांढरी दोनला येतो, मोकळ्या तारांत षड्ज-पंचम घुमत राहतात आणि तानपुऱ्याची उणीव भासत नाही. फक्त रागाकडे लक्ष ठेवा. शिवरंजनीच्या अंगाने चाल बांधली असेल तर मोकळी तिसरी तार मध्यम वाजवते, आणि शिवरंजनीत मध्यम नाही. त्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की पंचम मिळतो. कीरवाणीचं अंग असेल तर ही अडचण येत नाही, शिवाय पाश्चात्त्य कॉर्डही सहज बसतात.

लय मिनिटाला साठ ते पंच्याहत्तर ठोक्यांच्या आसपास ठेवा, पण मेट्रोनोम कानात लावून गाऊ नका. कडव्याच्या शेवटी माणूस किंचित रेंगाळतो, ते रेंगाळणं राहू द्या.

तारा

नव्या कोऱ्या तारा फार चमकतात. रेकॉर्डिंगच्या दोनेक आठवडे आधी बदला आणि रोज वाजवून त्यांचा नवेपणा जाऊ द्या. डिसेंबरच्या रात्री इथला पारा दहाच्या खाली येतो, निफाडला त्याहूनही खाली. थंड तारा हाताच्या उबेने सैल पडतात आणि पहिल्याच गाण्यात सूर उतरतो. त्यामुळे गिटार तासभर आधी त्याच खोलीत काढून ठेवा, दहा मिनिटं वाजवा आणि मगच जुळवा.

खोली

खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. मागे झणझण ऐकू आली तर फरशी आणि मोकळ्या भिंती आवाज परतवत आहेत. बाजारातून फोमचे तुकडे आणायची गरज नाही. घरात गोधड्या आहेत, गाद्या आहेत, कपड्यांनी भरलेलं कपाट आहे. गोधडी कुठे लावायची हे मात्र नीट समजून घ्या. बहुतेकजण ती माइकच्या मागे लावतात. घरात वापरतात ते बहुतेक माइक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतात, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट माइकच्या तोंडात शिरतो. तेव्हा पहिली गोधडी तुमच्या पाठीमागे, दोरीवर दुहेरी घडी करून टांगा. दुसरी पायाखाली. तिसरी उरली तर बाजूच्या मोकळ्या भिंतीला. खोलीच्या बरोब्बर मध्यात किंवा कोपऱ्यात बसू नका, लांबीच्या एक तृतीयांशावर खुर्ची ठेवा. खुर्ची लाकडी, बिनहाताची.

आता घरातले आवाज. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सकाळी तो चालू करायचं विसरणार नाही. मोबाइल फ्लाइट मोडवर. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावल्यावर बारीक घरघर येत असेल तर घराच्या अर्थिंगमध्ये गडबड असू शकते, ते इलेक्ट्रिशियनला दाखवा. वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला तर थांबा, कारण साध्या इन्व्हर्टरची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते आणि नंतर निघत नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवणं सगळ्यात कामाचं. ‘काकू, हे आठ-दहा दिवस रात्री उशिरा गिटार वाजेल, त्रास झाला तर लगेच सांगा’ एवढं बोललात की काकू उलट स्वतःचा टीव्ही कमी करतात.

वेळ रात्री एक ते पहाटे साडेचार. त्यानंतर दुधाच्या गाड्या, काकडआरती आणि पाणी चढवायची मोटर.

एक माइक

गिटारला एक आणि आवाजाला एक असे दोन माइक लावता येतात, नंतर दोन्हींचा तोल कमी-जास्तही करता येतो. तरीही मी एकच माइक लावायला सांगेन. दोन माइक जवळजवळ असले की आवाज दोन्हींत थोड्या फरकाने पोचतो आणि पोकळ ऐकू येतो. शिवाय एकाच माइकमध्ये गाणारा आणि वाजवणारा एकच माणूस आहे हे कानाला लगेच कळतं. गाणं आणि वादन एकाच वेळी, एकाच दमात करायचं, म्हणजे चाल पाठ हवी.

माइक छातीच्या उंचीवर, तोंडापासून दीड-दोन वीत अंतरावर ठेवा. त्याचं तोंड गिटारच्या मधल्या गोल भोकाकडे रोखू नका, तिथे नुसती घूं-घूं असते. बाराव्या फ्रेटच्या बाजूला वळवा आणि किंचित वर, हनुवटीकडे उचला. एक कडवं रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. गिटार शब्दांना झाकतेय? माइक चार बोटं वर घ्या. आवाज एकटा पडलाय? दोन बोटं खाली. सगळंच लांबचं वाटतंय? वीतभर पुढे. तोल सॉफ्टवेअरमध्ये नंतर सुधारता येणार नाही, त्यामुळे या बोटा-वितांच्या खेळाला एक अख्खी रात्र द्या. जमल्यावर खुर्चीच्या पायांभोवती आणि स्टँडभोवती फरशीवर खडूने खुणा करा, म्हणजे दुसऱ्या रात्री तीच जागा मिळेल.

माइक कोणता? शुअर एसएम ५७ किंवा ५८ असा साधा डायनॅमिक माइक असेल तर खोलीतली गडबड कमी येते, पण हळू गायलात तर इंटरफेसवरचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरचा) गेन, म्हणजे आवाज वाढवणारं बटण, बराच चढवावा लागतो. कंडेन्सर माइक कुजबुजही छान टिपतो, त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि तो शेजारच्या घरातला नळही टिपतो. मध्यरात्री, गोधड्या लावलेल्या खोलीत कंडेन्सर वापरा. रस्त्यालगतच्या घरात डायनॅमिक.

मराठी अक्षरांचे स्वतःचे काही हट्ट आहेत. प, फ, भ म्हणताना हवेचा झोत सुटतो आणि माइकमध्ये ‘धप्प’ असं आदळतं. ‘फक्त’, ‘भरून’, ‘परत’ असे शब्द ओळीच्या सुरुवातीला असतील तर माइकचं तोंड तुमच्या तोंडासमोरून थोडं बाजूला सरकवा, झोत शेजारून निघून जाईल. ‘चाळ’, ‘चूल’, ‘जुनं’ यांतला च-ज दातांवर घासतो, आणि स-श प्रमाणेच तो हळू गाण्यात जास्त टोचतो. हे सुधारायला ओठ थोडे ओले ठेवा, ओळ जरा सैल जबड्याने म्हणा. नंतर पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात किंचित कापता येतं, पण जास्त कापलं की गाणारा बोबडा वाटतो.

रेकॉर्डिंग २४ बिटवर करा आणि सगळ्यात मोठ्या क्षणी पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ऑडॅसिटी फुकट आहे, ॲपलवाल्यांना गॅरेजबँड फुकट आहे, रीपर आधी वापरून मग विकत घेता येतं. या कामाला तिन्ही पुरतात.

टेक

एका रात्री एकच गाणं. चार-पाच टेक घ्या, म्हणजे अख्खं गाणं तितक्या वेळा रेकॉर्ड करा, आणि तिथेच थांबा. त्यानंतर गळा अभिनय करू लागतो. त्याच रात्री निवड करू नका. दोन दिवसांनी, दिवसाउजेडी, दुसरं काम करता करता ऐका, आणि ज्या टेकला हातातलं काम थांबलं तो ठेवा. त्यात एखादी तार चुकली असेल तरी राहू द्या. शब्द चुकला असेल तर मात्र तो टेक बाद. प्रत्येक गाण्याच्या आधी आणि नंतर अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा, पुढे जोडकामाला ती लागतेच.

दुसरा आवाज चढवायचा असेल तर अख्ख्या गाण्यावर चढवू नका. ध्रुवपदाच्या शेवटच्या दोन ओळींवर, पहिल्यापेक्षाही हळू, तीच चाल पुन्हा गा.

मिक्स

इथे फार हात मारू नका. साठ हर्ट्झच्या खालचं काढून टाका, तिथे फक्त पाय आपटल्याचे आणि रस्त्याचे आवाज असतात. अडीचशे हर्ट्झच्या आसपास डब्यातून बोलल्यासारखं वाटत असेल तर थोडं कमी करा. दहा हजारांच्या वरचं हळूहळू उतरू द्या, उबदारपणा येतो. दोन ते चार हजारांच्या मधला भाग हा व्यंजनांचा, त्याला शक्यतो धक्का लावू नका.

घुमारा हवाच असेल तर न्हाणीघर वापरा. छोटा स्पीकर आत ठेवून गाणं वाजवा, दुसऱ्या कोपऱ्यात माइक भिंतीकडे तोंड करून ठेवा, आणि ते रेकॉर्डिंग मूळ गाण्याखाली अगदी ऐकू येईल-न येईल इतकंच मिसळा. घरातली फरशी स्वतःचा घुमारा देते आणि तो कुठल्याही तयार प्रीसेटपेक्षा तुमच्या गाण्याचा असतो.

कॅसेटवरून फिरवणं

टेपची सरसर खरी हवी असेल तर पूर्ण झालेलं मिक्स कॅसेटवर उतरवा आणि परत संगणकात घ्या. घरात जुना डेक असेल तर तो आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या. जुने बेल्ट सैल किंवा चिकट झालेले असतात आणि मग सूर डुलायला लागतो. थोडं डुलणं गोड लागतं, जास्त झालं तर मळमळतं. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडी तपकिरी होईल, ती पांढरी येईपर्यंत पुसत राहा. आत कॅसेट घालण्यापूर्वी सगळं कोरडं होऊ द्या.

कॅसेट साधी, टाइप वन, साठ मिनिटांची. घरातली जुनी कॅसेट वापरणार असाल तर आधी ती दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐका. कुणाच्या बारशाचं, आजीच्या ओव्यांचं काही असेल तर पहिल्यांदा ते संगणकात उतरवून घ्या आणि ती कॅसेट बाजूला ठेवा, दुसरी शोधा. कंपनीने भरून विकलेल्या कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक खाचा असतात, तिथली पट्टी तोडलेली असते म्हणून डेक त्यावर रेकॉर्ड करू देत नाही. खाचेवर सेलोटेपचा तुकडा लावला की बटण दाबलं जातं.

डेकवरचं डॉल्बी, म्हणजे सरसर कमी करणारं बटण, बंद ठेवा. काटा शून्याला टेकून मोठ्या आवाजात जरासा पलीकडे जाईल इतकी पातळी द्या. टेप अशी थोडी भरली की आवाज गोलसर होतो. त्याहून जास्त दिलीत तर शब्द फाटतात. संपूर्ण मिक्स एकत्रच फिरवा. आवाज वेगळा आणि गिटार वेगळी फिरवून परत जुळवायला गेलात तर जुळणार नाहीत, कारण सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर ही कॅसेटची चाल कुठल्याच डेकवर अचूक राहत नाही.

दोन गाण्यांच्या मध्ये सरसर तोडू नका. टेपची सरसर चालू असताना अचानक डिजिटल शांतता आली की ऐकणाऱ्याला फोन बंद पडल्यासारखं वाटतं. सरसर पहिल्या गाण्याच्या आधीपासून शेवटच्या गाण्यानंतरपर्यंत अखंड ठेवा.

गावाचे आवाज

गाण्यांमधल्या जागेत बाहेरचे आवाज घ्यायचे तर दोनच घ्या. सोमेश्वरचा धबधबा रेकॉर्ड केला तर घरी येऊन तो रेडिओच्या खरखरीसारखा ऐकू येतो, कारण मोठं पाणी म्हणजे सगळे सूर एकदम. त्यापेक्षा गोदाघाटावर पहाटे पायरीला लागणारं पाणी घ्या, माइक पाण्यापासून हातभर. पौषातच नांदूर मध्यमेश्वरला स्थलांतरित पक्षी असतात, ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं रामसर पाणथळ आहे. उजाडताना तिथे पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. वाऱ्यासाठी मोबाइलवर लोकरीचा मोजा चढवा. घाटावर कुणाच्या तर्पणाचे, रडण्याचे, खासगी बोलण्याचे आवाज येत असतील तर रेकॉर्डिंग थांबवा.

क्रम

कॅसेटच्या दोन बाजू डोक्यात ठेवून क्रम लावा. एकाच जुळणीतली तीन गाणी लागोपाठ आली की कान थकतो. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं सगळ्यात छोटं ठेवा. कुठेतरी एक गाणं शुद्ध गंधाराचं, थोडं उजेडाचं असू द्या, त्याच्या शेजारची दोन्ही गाणी आणखी खोल वाटतात.

हक्क आणि प्रकाशन

दुसऱ्याची कविता गाणार असाल तर आधी हक्क पाहा. भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कविता २०५९ च्या अखेरपर्यंत लेखी परवानगीशिवाय चालीत बांधून प्रसिद्ध करता येणार नाहीत. नाशिकच्या गायकाला मोह होणं साहजिक आहे, तरीही परवानगी घ्याच. स्वतःच्या गाण्यांसाठी गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासदत्व घ्या, म्हणजे गाणं कुठे वाजलं तर त्यातला तुमचा वाटा मागता येतो.

स्ट्रीमिंगवर जायला वितरक लागतो. तो प्रत्येक गाण्याला बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक देतो, ती त्या रेकॉर्डिंगची ओळख. स्वतः घ्यायचा असेल तर भारतात तो आयएमआय या संगीत कंपन्यांच्या संघटनेकडून मिळतो. फाइल वेव्ह स्वरूपात, मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. आवाजाची सरासरी पातळी फार चढवू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी उणे चौदा एलयूएफएसच्या (हे सरासरी पातळीचं माप) आसपास आणतं, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे नुसतं चपटं होऊन खाली येतं. तुमचं मिक्स उणे सोळा-सतरावर असेल तरी तसंच पाठवा. प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी गाणी चढवा, आणि स्पॉटिफायच्या संपादकांकडे एक गाणं किमान सात दिवस आधी सुचवा.

पैशाचं स्पष्ट सांगायचं तर स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. कलाकारांना थेट अल्बम विकू देणारं बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के कापतं आणि ऐकणाऱ्याला ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यायची मुभा देतं. अशा अल्बमला तिथे शंभर माणसं मिळाली तर ती इतरत्रच्या काही हजार ऐकण्यांपेक्षा जास्त कामाची.

माहिती भरताना गाण्याचं नाव देवनागरीतच द्या, भाषेच्या रकान्यात मराठी निवडा आणि गीताचे शब्द स्वतः टाइप करून चढवा. यंत्राने ओळखलेले मराठी शब्द बऱ्याचदा चुकीचे असतात. थोड्या कॅसेट काढणार असाल तर त्या एकेक करून, पूर्ण वेळ वाजवत भराव्या लागतील. त्या डबीत घालायच्या घडीच्या कागदावर आभारांची यादी दोन ओळींत आटपा आणि उरलेल्या सगळ्या जागेत गाणी छापा, चष्मा न लावता वाचता येतील एवढ्या अक्षरात.